‘सापडले नाही’ आणि ‘नाही’



या पुस्तिकेतील आधीच्या घटकांत बोलींचा अभ्यास, सामग्रीचे संकलन आणि निष्कर्षाची मांडणी यांविषयीचे नियम तुम्ही वाचले आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याऐवजी माझ्या हातून घडलेली एक चूक तुम्हाला सांगणार आहे. ती डॉस नावाच्या जुन्या संगणकप्रणालीवर, सी भाषेत लिहिलेल्या साठ-सत्तर ओळींच्या आज्ञावलीत घडली. संगणकाची भाषा तुम्हाला येत नसेल तरी काही अडणार नाही. लागेल तेवढी मी सांगत जाईन. चूक मात्र नीट समजून घ्या, कारण संगणक न वापरताही ती करता येते, आणि अभ्यासक ती करीत आले आहेत.

माझा जन्म कोल्हापूरचा. आमच्या घरात आजी, आई, मावशी आणि आम्ही बहिणी, सगळ्याच ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे म्हणत असू. हे रूप पुल्लिंगी आहे, हे शाळेत व्याकरण शिकेपर्यंत मला ठाऊकही नव्हते. पुढे शिक्षणासाठी परगावी गेले. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात ‘मी आलो’ म्हणाले आणि सारा वर्ग हसला. आठवडाभरात मी ‘आले’, ‘जाते’ म्हणू लागले. सुटीत घरी परतले की उंबऱ्याच्या आत पुन्हा ‘आलो’. दोन रूपांतले हे जाणे-येणे पुढे माझ्या संशोधनाचा विषय झाले.

व्याकरणाच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखे काहीच नाही. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’ म्हणते. परंतु अनेकवचनात ‘आम्ही जातो’ हे रूप दोघांचेही. भविष्यकाळातले ‘मी जाईन’ हेही दोघांचे. म्हणजे बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातून दाखवलेच पाहिजे, अशी सक्ती प्रमाण मराठीतही सगळीकडे नाही. कोल्हापूरकडच्या स्त्रियांनी ती एकवचनातही मानली नाही, इतकेच.

१९९० नंतरच्या दशकात मी पीएच.डी.साठी काम करीत होते. माझे गृहीतक सोपे होते. स्त्रियांच्या तोंडचे हे ‘मी जातो’ कोल्हापूर शहरात रुजले आणि तेथून खेड्यांकडे पसरले. म्हणून शहरापासून जितके दूर जावे तितके ते, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या बोलण्यात, विरळ होत गेलेले दिसेल. हे तपासण्यासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडले. एस.टी.ने जायचे, ओसरीवर बसायचे, पेरणी, लग्नकार्य, जोतिबाची यात्रा यांविषयी बोलते करायचे आणि रात्री कॅसेट ऐकून रोमन लिपीत लिप्यंतर करायचे. ट-वर्गासाठी मोठी अक्षरे, त-वर्गासाठी लहान, अशी माझी पद्धत होती. हातात एक रजिस्टर असे. त्यात गाव, दिनांक, बोलणाऱ्या व्यक्तीचे वय आणि कॅसेटचा क्रमांक मी टिपून ठेवी. या रजिस्टरचे नाव लक्षात ठेवा. गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

संगणकाचा विचार मनात आला तो परिसरामुळे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा एक मोठा संगणकीय भाषासंग्रह सिद्ध झाला होता. जगभरचे भाषाभ्यासक तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखतात. १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजी लेखनातून निवडलेले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे एकूण सुमारे दहा लाख शब्द. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६१ सालच्या अमेरिकन इंग्रजीचा असाच संग्रह केला होता; त्याच धर्तीवर हा बेतलेला होता. १९८६ मध्ये तो माहितीपुस्तिकेसह अभ्यासकांच्या हाती आला. या संग्रहातल्या प्रत्येक उताऱ्याला विभागाचे एक अक्षर आणि एक क्रमांक आहे. वृत्तपत्रांतील बातम्यांचा पहिला उतारा ‘ए शून्य एक’. अशा व्यवस्थेत एखादा उतारा गळाला तर क्रमात पडलेली फट लगेच दिसते. मी क्रमांक देण्याची रीत उचलली, पण ते मोजून पाहण्याची सवय उचलली नाही. दोहोंतला फरक मला फार उशिरा कळला.

माझ्या मावसभावाचा राजारामपुरीत संगणक-वर्ग होता. रात्री आठनंतर तेथला एक संगणक मला मोकळा मिळे. डॉसमध्ये फाइलीचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे, आणि त्यापुढे टिंब देऊन तीन अक्षरांचे शेपूट. आठ अक्षरांत सगळे बसवायचे होते. पहिली तीन तालुक्याची, पुढची दोन गावाची, एक स्त्री की पुरुष हे सांगणारे आणि शेवटचे दोन अंक मुलाखतीचा क्रम दाखवणारे. प्रत्येक गावासाठी एक वेगळी डिरेक्टरी केली. डिरेक्टरी म्हणजे फाइली ठेवण्याचा कप्पा. हल्ली आपण त्याला फोल्डर म्हणतो. एका कप्प्यात दुसरा कप्पाही ठेवता येतो.

फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा डॉसमध्ये होतीच. परंतु मला प्रत्येक फाइल उघडून तिच्यातली ‘-तो’, ‘-ते’, ‘-लो’, ‘-ले’ अशा शेवटांची क्रियापदे निवडायची होती आणि ती मोजायची होती. त्यासाठी स्वतःची आज्ञावली हवी होती. मावसभाऊ सी भाषा शिकवीत असे. त्याने टर्बो सीचा तो निळा पडदा उघडून दिला आणि म्हणाला, “ताई, शब्द मोजणं सोपं आहे. फाइली शोधणं तेवढं जपून कर.”

जपून का, ते दुसऱ्याच दिवशी कळले. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे तिच्यावरील प्रसिद्ध पुस्तक १९७८ चे आणि तिचे अमेरिकन प्रमाणीकरण १९८९ चे. या प्रमाण सी भाषेत फाइल उघडायला शब्द आहे, वाचायला आहे, लिहायला आहे, पुसून टाकायलाही आहे. परंतु ‘या कप्प्यात काय काय आहे?’ असे विचारायला शब्दच नाही. डिरेक्टरी ही कल्पनाच त्या प्रमाणात नाही, आणि आजही नाही. म्हणून प्रत्येक प्रणालीने आपापली बोली केली. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरी हीच एक फाइल असे. तिच्यात सोळा-सोळा बाइटांच्या नोंदी असत. दोन बाइट क्रमांकाचे, चौदा नावाचे. ती उघडून थेट वाचता येई. पुढे बर्कलीच्या युनिक्समध्ये लांब नावे आली, तेव्हा डिरेक्टरी उघडणे, पुढची नोंद वाचणे आणि बंद करणे यांसाठी तीन स्वतंत्र शब्द आले. डॉसवरच्या टर्बो सीची बोली आणखी निराळी होती. तिच्यात दोनच शब्द होते, फाइंडफर्स्ट आणि फाइंडनेक्स्ट. पहिला शोध, आणि मग पुढचा शोध.

बोलीविज्ञान शिकणाऱ्या माझ्यासारखीला यात घरचीच गोष्ट दिसली. प्रमाणात शब्द नाही, म्हणून वस्तू नाही असे होत नाही. रोजच्या व्यवहाराला लागणारा शब्द बोली निर्माण करतेच.

आता हे दोन शब्द कसे चालतात ते पाहू. फाइंडफर्स्टला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली, नावाचा नमुना. त्यात प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारका म्हणजे उरलेली कितीही अक्षरे. पाच प्रश्नचिन्हे, मग स्त्रीचे अक्षर, मग दोन प्रश्नचिन्हे असा नमुना दिला की स्त्रियांच्याच मुलाखती मिळणार. दुसरी, सापडलेल्या फाइलीचे नाव, आकार, दिनांक आणि वेळ ज्यात भरून यायचे ती चौकट. तिसरी, कोणत्या गुणधर्माच्या नोंदी शोधायच्या ते सांगणारा अंक. फाइंडनेक्स्टला फक्त ती चौकट दाखवायची. शोध कुठवर आला आहे याची खूण त्या चौकटीतच असते. तिच्या आरंभीचे २१ बाइट डॉसने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. हे मी पुस्तकात वाचले होते. वाचणे आणि उमजणे यांत मात्र अंतर असते.

गुणधर्माचा अंक मला फार आवडला होता. केवळ वाचता येईल अशा फाइलीसाठी १, लपवलेल्यासाठी २, प्रणालीच्या फाइलीसाठी ४, डिरेक्टरीसाठी १६, अशा खुणा एकाच बाइटमध्ये बेरजेने मावतात. मराठी क्रियापदाच्या ‘-तो’ या एका अक्षरात पुरुष, वचन आणि लिंग जसे एकत्र नांदतात, तसेच हे. पण त्यात एक अट होती. या जागी शून्य दिले तर लपवलेल्या फाइली आणि कप्पे शोधात येतच नाहीत. तुम्ही जे विचारले नाही ते नाही, असे समजून यंत्र पुढे जाते.

पहिल्या आठवड्यात एक चूक झाली, ती आरडाओरडा करणारी होती. डॉसमध्ये प्रत्येक उपकप्प्यात पहिल्या दोन नोंदी ठरलेल्या असतात. एक टिंब म्हणजे ‘हाच कप्पा’, दोन टिंबे म्हणजे ‘याच्या वरचा कप्पा’. कप्पा दिसला की त्याच्या आत जा, अशी माझी आज्ञा होती. त्यामुळे आज्ञावली एक टिंब पाहून त्याच कप्प्यात पुन्हा शिरली, तेथे पुन्हा एक टिंब दिसले, पुन्हा शिरली. पडद्यावर टिंबांची रांग लागली आणि संगणक अडकून बसला. मावसभाऊ हसला. टिंबांच्या नोंदी वगळण्याची एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला. अशी चूक म्हणजे दारात उभे राहून हाक मारणारा पाहुणा; त्याची दखल घ्यावीच लागते.

त्यानंतर आज्ञावली शहाण्यासारखी वागू लागली. एकेका गावाच्या कप्प्यावर ती चालवायची, छापील तक्ता घ्यायचा आणि भिंतीवरच्या नकाशावर टाचणी लावायची. शहराजवळच्या गावांत वयस्क स्त्रियांच्या तोंडी दोन्ही रूपे मिळत होती. राधानगरी तालुक्यातले, डोंगराकडचे, एस.टी.चा शेवटचा थांबा असलेले एक गाव होते. तेथल्या तक्त्यात साठीपुढच्या स्त्रियांच्या रकान्यात पुल्लिंगी रूपांची संख्या आली शून्य. माझ्या गृहीतकाला याहून देखणा पुरावा मिळणे शक्य नव्हते. मी प्रकरण लिहून काढले. ‘शहरापासून दूरच्या या गावी वयस्क स्त्रियांच्या बोलीत हे रूप नाही,’ असे वाक्य त्यात होते. प्रकरण टंकलेखकाकडे गेले.

निष्कर्ष मनाजोगा असला की माणूस तपासणी थांबवतो. शून्याच्या जागी वीस आले असते, तर मी रात्रभर बसून आज्ञावलीची ओळ न ओळ तपासली असती. शून्य माझ्या बाजूचे होते, म्हणून मी त्याला काही विचारले नाही.

प्रबंध सादर करायला महिना उरला असताना मी त्या गावी पुन्हा गेले. काम काही नव्हते. ज्यांनी वेळ दिला त्यांना पेढे द्यावेत, एवढाच हेतू. ज्या आजींशी मी सर्वांत अधिक बोलले होते, त्या परसात शेणी थापत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आलीस व्हय गं?” चहा झाला. परतीची एस.टी. चारला होती. मी उठले, पायांत चपला घातल्या. आजींनी पदर खोचला आणि म्हणाल्या,

“थांब वाईच. मीबी येतो की स्टँडापतूर.”

मीबी येतो. मी जागीच उभी राहिले. आजी पुढे चालू लागल्या होत्या. वाटेत त्या बरेच काही बोलल्या. सून माहेरी गेली आहे, ‘सकाळपास्नं एकटाच राबतो’, म्हशीला चारा घातला आणि ‘मग जेवलो’. माझा टेपरेकॉर्डर घरी होता आणि कान मात्र प्रथमच जागे झाले होते. आणि मग आठवले की माझी स्वतःची आजीही असेच बोलत असे. ती शहरातली, म्हणून तिला मी पुराव्यातून बाहेर ठेवले होते.

रात्री घरी येऊन रजिस्टर उघडले. त्या गावच्या वयस्क स्त्रियांच्या मुलाखती सात. छापील तक्त्याच्या शेवटी वाचलेल्या फाइलींची नावे होती. मुलाखतींची नावे त्यांत तीनच. चार मुलाखती आज्ञावलीने वाचल्याच नव्हत्या. फाइली चुंबकीय तबकडीवर सुखरूप होत्या, नावे बरोबर होती, लपवलेल्या नव्हत्या. तरी त्या सापडल्या नव्हत्या, आणि ‘सापडल्या नाहीत’ असेही कोणी म्हणाले नव्हते.

चूक सापडायला चार रात्री गेल्या. डॉसमध्ये शोधाचा क्रम वर्णानुक्रमाचा नसतो. कप्प्यातल्या नोंदी ज्या क्रमाने मांडल्या गेल्या, त्याच क्रमाने त्या हाती येतात. त्या गावच्या कप्प्यात मी पहिल्या खेपेच्या तीन मुलाखती ठेवल्या होत्या. मग आजींनी जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, म्हणून ओव्यांसाठी आत एक वेगळा उपकप्पा केला, कारण पाठ असलेल्या ओवीची भाषा रोजच्या बोलण्यात मिसळायची नव्हती. त्यानंतरच्या खेपांतल्या चार मुलाखती पुन्हा बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या. असा उपकप्पा केवळ त्याच एका गावी होता. आज्ञावलीने पहिल्या तीन फाइली वाचल्या, उपकप्पा दिसताच ती आत गेली, ओव्या पाहून बाहेर आली आणि थांबली.

का थांबली? शोधाची खूण ज्या चौकटीत राहते, ती चौकट मी साऱ्या आज्ञावलीत मिळून एकच ठेवली होती. समजा, तुम्ही एक पोथी वाचत आहात, पानात मोरपीस ठेवले आहे. मध्येच दुसरी पोथी उघडली आणि तेच मोरपीस काढून तिच्यात ठेवले. दुसरी वाचून संपली. आता पहिलीकडे वळलात, पण खूण दुसरीच्या शेवटच्या पानावर आहे. ‘पुढचे पान?’ असे विचारले तर उत्तर मिळणार, ‘संपले.’ फाइंडनेक्स्टने अगदी हेच केले. उपकप्प्यातला शोध संपला होता, खूण तेथेच होती; म्हणून बाहेरच्या कप्प्यातही आणखी काही नाही, असे त्याने प्रामाणिकपणे कळवले. उपाय एका ओळीचा होता. चौकट सामाईक न ठेवता, प्रत्येक कप्प्यात शिरताना त्याची स्वतःची नवी चौकट घ्यायची. ज्याची पोथी त्याचे मोरपीस.

गळालेल्या चार मुलाखती योगायोगाने गळाल्या असत्या तरी हानी होतीच. परंतु त्या नंतरच्या खेपांतल्या होत्या, ही खरी गोम होती. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी या अडचणीला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. लोक कोणी पाहत-ऐकत नसताना कसे बोलतात हे आपल्याला हवे असते, आणि ते मिळवण्यासाठी आपण तेथे बसून ऐकत असतो. पहिल्या खेपेला मी आजींच्या दृष्टीने शिकलेली, शहरातून आलेली बाई होते. माझ्याशी त्या जपून, पुस्तकी वळणाने बोलल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी घरची झाले आणि त्यांची बोली मोकळी झाली. माझ्या आज्ञावलीने पाहुणचाराची भाषा ठेवली होती आणि घरची भाषा गाळली होती. चार फाइली वाचून झाल्यावर जो तक्ता आला, त्यात शून्य नव्हते. माझे गृहीतक त्या एका शून्यावर उभे होते, ते पडले.

येथे मराठीच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. फाइंडफर्स्ट आणि फाइंडनेक्स्ट यांना यश आले तर ती ० हे उत्तर देतात, नाही तर उणे १. नमुन्याशी जुळणारी फाइल नसली तरी उणे १. सगळ्या फाइली वाचून संपल्या तरी उणे १. पत्ता चुकीचा दिला तरी उणे १. कारण वेगळे नोंदवलेले असते, पण ते मुद्दाम विचारावे लागते. घाईतला माणूस उणे १ म्हणजे ‘संपले’ असे धरून चालतो. युनिक्सची बोलीही येथे फारशी वेगळी नाही. नोंदी संपल्या काय किंवा वाचताना अडचण आली काय, ती सारखेच रिते उत्तर देते. अडचणीचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. आपली मराठी या बाबतीत किती श्रीमंत आहे पाहा. ‘नाही’ निराळे, ‘नव्हे’ निराळे, ‘नको’ निराळे, ‘नये’ निराळे. वस्तूचा अभाव, ओळखीचा नकार, इच्छेचा नकार आणि निषेध यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहेत. एवढी सोय असलेल्या भाषेत शिकलेली मी, पण संशोधनात मी ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांची एकच गोळी केली होती.

डॉसच्या तबकडीत याचे आणखी एक उदाहरण मला पुढे दिसले. तेथे फाइल पुसली की तिचा मजकूर लगेच नष्ट होत नाही. कप्प्यातल्या तिच्या नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा अंक लिहिला जातो, इतकेच. शोध ती नोंद ओलांडून पुढे जातो. नाव गेले, वस्तू आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परतही मिळू शकते. बोलीतल्या कितीतरी शब्दांची स्थिती अशीच असते. कोशात नोंद नाही, म्हणून शोधणारा पुढे जातो.

प्रकरण परत मागवले. टंकलेखनाचे पैसे दुसऱ्यांदा दिले. मार्गदर्शक सरांना सगळे सांगितले, तेव्हा मला भीती होती ती त्यांच्या रागाची. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “बाकीच्या गावांचं रजिस्टर तक्त्याशी जुळवलं का?” जुळवले नव्हते. मग एका गावामागून दुसरे, अशी पंधरा दिवस मोजदाद केली. इतर गावांचे आकडे जुळले. प्रबंध मुदतीनंतर, अर्ज करून, सादर झाला. त्यात शहरापासूनच्या अंतराचा नियम नव्हता. आधीपेक्षा कमी डौलदार, पण खरे असे एक प्रकरण होते. त्यात मी लिहिले, की वयस्क स्त्रिया कोणाशी बोलत आहेत यावर रूपाची निवड अवलंबून असल्याचे या सामग्रीत दिसते. आज मागे वळून पाहताना वाटते, ते एक वाक्यच त्या प्रबंधातले माझे स्वतःचे होते.

ही जुन्या काळची गोष्ट झाली, आता शोध सोपा झाला आहे, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या हातात फोन आहे. त्यात शब्द घातला की क्षणात उत्तर येते. तरी एक प्रयोग करा. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. काही ठिकाणी ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून, तर काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. एका प्रकारे शोधलेत, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सारे लेखन ‘नाही’ ठरते. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलिखित झालेली पुस्तके तर याहून दूर. तेथे पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे अंक साठवलेले असतात. एखादा शब्द अमुक लेखकाच्या साहित्यात आढळत नाही, असे स्वाध्यायात लिहिण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या.

कोल्हापूर कॉर्पसच्या दहा लाख शब्दांत एखादा शब्द मिळाला नाही, तर तो भारतीय इंग्रजीत नाही असे म्हणता येत नाही. १९७८ सालच्या छापील लेखनातून घेतलेल्या ५०० उताऱ्यांत तो आला नाही, एवढेच म्हणता येते. नीट अभ्यास करणारा माणूस हे दुसरे, लांबलचक वाक्य लिहितो. तुम्हीही तेच लिहा. कुठे शोधले, कोणत्या रूपाने शोधले आणि शोध कशामुळे थांबला, या तीन गोष्टी ‘नाही’ या शब्दाशेजारी लिहायची सवय लावा. आणि हाताने केलेली एक साधी मोजदाद नेहमी जवळ ठेवा. माझ्या बाबतीत सत्तर पानी रजिस्टरने जे सांगितले, ते संगणकाला सांगता आले नाही.

सुधारलेल्या आज्ञावलीच्या शेवटी मी दोन ओळींची भर घातली. प्रत्येक गावाचे काम संपले की ती पडद्यावर आधी रजिस्टरमधल्या मुलाखतींची संख्या लिही आणि खाली वाचलेल्या मुलाखतींची. त्या डोंगराकडच्या गावासाठी ती प्रथम चालवली, तेव्हा पडद्यावर उमटले, रजिस्टर ७, वाचल्या ७. मी संगणक बंद केला, दार ओढून घेतले आणि जिन्यावरून मावसभावाला हाक मारली, “येतो रे मी.” तो हसला नाही. आमच्या घरात सगळ्याच असे म्हणतात.